आजारी माणसाची चौकशी

मोठे साहेब ‘बस’ म्हणाले आणि गोरक्षने मागे वळून दाराकडे पाहिलं. त्या केबिनमध्ये कुणी बसत नसे. टेबलासमोर निळ्या रेक्झिनच्या दोन खुर्च्या होत्या, पण त्या बाहेरच्यांसाठी; कंपनीतला माणूस, मग तो शिपाई असो की डिपार्टमेंटचा प्रमुख, दाराच्या आत पायपुसण्यापाशी उभा राहायचा, काय ते ऐकून घ्यायचा आणि ‘हो साहेब’ म्हणून बाहेर पडायचा. उभं राहून ऐकणं गोरक्षच्या अंगवळणी पडलं होतं. उभ्या माणसाला निदान बाहेर पडायचा रस्ता मोकळा असतो. आता तो खुर्चीच्या कडेला टेकला तेव्हा रेक्झिन फुस्स करून दबलं, आणि तेवढ्यानंही तो दचकला. साहेब वेलदोडा सोलत होते. दिवसभर त्यांचं ते चालायचं. टरफलं अ‍ॅशट्रेत, दाणे जिभेवर. आवाज मऊ, कधी न चढणारा. कंपनीत ओरडायचे ते दुसरेच. साहेबांनी कुणाकडे नुसतं बघितलं की ज्याला त्याला आपापलं ओरडायचं काम कळायचं.

“कोकणे येत नाहीये,” साहेब म्हणाले.

“हो साहेब. आजारी असल्याचा निरोप आलाय.”

“कसला आजार?”

“ते नाही कळवलं.”

“जाऊन बघून ये. बहिरूला जीप काढायला सांगितलंय. घोटीपासून जवळच आहे ना गाव?” साहेबांनी दाणे तोंडात टाकले. “काय करतोय, कसा दिसतो, तिथूनच फोन करून सांग. खोटं आजारपण असेल तर त्याला काढून आपल्याला मोकळं होता येईल. तुझं ऑफिसरच्या बढतीचं आहे माझ्या डोक्यात. तू माझा माणूस आहेस, जेजुरकर.”

‘हो साहेब’ म्हणून तो उठला. पॅसेजमध्ये आल्यावर त्याला जाणवलं की आपले ओठ अजून हसल्यासारखेच ताणलेले आहेत. ते त्याने हाताने पुसले. मग सवयीने तो बाथरूममध्ये गेला, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाने भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. हे तो रोज करायचा. सकाळी अंबडच्या चौकात स्कूटर लावून पानटपरीशी उगाच दोन मिनिटं थांबायचं, गेटातून आत आल्यावर आधी हा नळ, आणि मग पर्सोनेल विभागातलं आपलं टेबल. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान त्याने कधी सांगितलं नव्हतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पोटात कालवायला लागायचं, आणि दिशा, त्याची मुलगी, ‘पप्पा, बागेत चला’ म्हणून शर्ट ओढायची तेव्हा तो सोमवारच्या मीटिंगमध्ये केव्हाच जाऊन उभा राहिलेला असायचा. मागच्या पाडव्याला आईने श्रीखंडात वेलदोडा जास्त घातला, तर पहिल्याच घासाला त्याला मळमळलं. आईला वाटलं, चक्का आंबट झाला.

जीप अंबडमधून बाहेर पडून मुंबईच्या रस्त्याला लागली. बहिरू ड्रायव्हर हा जाडजूड, कानात भिकबाळी घालणारा गडी. साहेबांना घरून आणायचा, घरी सोडायचा. म्हणून त्याच्यासमोर कंपनीत कुणी तोंड उघडत नसे. गोरक्षही गप्प बसला. कंपनीत कोण कुणाचा कान आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसायचं, आणि त्यामुळे सगळेच एकमेकांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलायचे. त्या दिवाळीत बोलण्यासारखे भाव होतेही. बहिरूनेही तेच काढलं. “लासलगावला काय चाललंय, आयकलं का? मेव्हना माझा, दोन ट्रॅक्टर घालून आला. लय खूश हाय.” गोरक्ष ‘हो का’ म्हणाला. थोड्या वेळाने बहिरूने आरशातून बघत विचारलं, “कोकणे सायबाकडं चाललोय ना? काय झालंय त्येन्ला?” साधा प्रश्न होता. गोरक्षने तो चारी बाजूंनी चाचपून पाहिला, आणि म्हणाला, “बघू आता. गेल्यावर कळेल.”

यादव कोकणे गोरक्षसारखाच शेतातल्या घरातून आलेला होता. गोरक्षच्या घरी मखमलाबादला झेंडू, शेवंती आणि मेथी-कोथिंबीर. बाप आणि भाऊ पहाटे पाट्या बांधून पंचवटीत फुलबाजार गाठायचे, आणि त्या पाट्यांमधून सुटून कंपनीत खुर्चीवर बसलेला तो घरातला पहिला. लग्न जमलं तेही ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढ्याच वाक्यावर. यादव भातशेतीतून डिप्लोमा करून आलेला, असेंब्लीत सुपरवायझर. चांगला बोलका होता. डब्यात काहीही असलं तरी आधी दुसऱ्याच्या पुढे करायचा. मग मोठे साहेब आले, आणि त्यांच्यामागून ती काळी ढाल आली. लाकडाची, काळ्या पॉलिशची, शाळेत खेळाला देतात तसली. दर सोमवारी उभ्या मीटिंगमध्ये ज्याचा विभाग मागे पडला त्याला ती द्यायची, त्याने ती छातीशी धरून सगळ्या शॉपमधून, कामगारांच्या समोरून, आपल्या टेबलापर्यंत चालत जायचं, आठवडाभर समोर ठेवायची. साहेब मंद हसून म्हणायचे, ‘टाळ्या.’ आणि टाळ्या वाजायच्या. यादवला ती एकदा मिळाली, मग परत मिळाली, मग जणू त्याचीच झाली. माल वेळेवर येत नव्हता हे स्टोअरला माहीत होतं, खरेदीला माहीत होतं. एकदा त्याने ढाल हातात घेऊन विचारलंही, “साहेब, माझं चुकतं काय ते तरी सांगा.” साहेब म्हणाले होते, “ते तुला कळत नाही, हेच.” सगळे हसले. त्यानंतर यादवच्या टेबलापाशी चहाला कुणी थांबेना. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ढाल असलेल्या टेबलाकडे पायच वळत नसत, इतकंच.

वाडिवऱ्हे मागे पडलं, गोंदे मागे पडलं. दोन्ही अंगांना भाताची खाचरं पिवळी पडली होती, काही ठिकाणी सोंगणी होऊन नुसते बुडखे राहिले होते. खिडकीतून वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास येत होता, आणि गोरक्ष मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होता, की कोकणे खरोखर आजारी असू दे. अंथरुणावर असू दे. चांगला सणसणीत ताप असू दे, डोक्यावर पट्ट्या असू देत, खोलीत औषधाचा वास असू दे. असं मागताना त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण मागणं थांबलं नाही. तो आजारी असला की गोरक्षला काहीच करावं लागणार नव्हतं.

घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. जीप थांबल्याबरोबर एक म्हातारी पदर सावरत बाहेर आली. जीपच्या दारावरचं कंपनीचं नाव तिला वाचता येत नसावं, पण खूण ओळखीची होती. यादवच्या खिशावर तीच खूण असायची. “कंपनीचं मानूस आलं!” ती घरात तोंड करून ओरडली, आणि गोरक्ष काही बोलायच्या आत पाण्याचा तांब्या त्याच्या पायाशी आला. ती यादवची आई, सखुबाई. तिने त्याला घोंगडीवर बसवलं, समोर बसून त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. “बघ बाई,” ती सुनेला म्हणाली, “तू म्हनत व्हती, कंपनीला काय पडलीय. मानूस धाडलं का नाय त्येन्नी? गाडी देऊन धाडलं. हितं चुलत्याचं पोर गल्लीत राहतं, ते सुद्धा इचारायला आलं नाय.” आणि गोरक्षला म्हणाली, “सायबाला सांगा बरं का, म्हातारीनं हात जोडून सांगितलंय म्हनून.”

गोरक्षने मान हलवली. सुनेने चहा आणला होता. त्याने बशी तशीच खाली ठेवली. “यादव कुठे आहेत? झोपलेत का?”

सून, सुवर्णा तिचं नाव, दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने सासूकडे बघितलं नाही, थेट त्याच्याकडे बघितलं. ही समजून आहे, असं त्याला वाटलं. “खालच्या वावरात आहेत. बोलावते,” असं म्हणून ती गेली.

आणि यादव आला तो विळा हातात घेऊन. अंगावर बंडी, डोक्यात भाताची कुसळं, उन्हाने रापलेला. कंपनीत होता त्यापेक्षा अंग भरल्यासारखं वाटत होतं. त्याच्या मागे त्याचा बाप, सावळीराम, भाऱ्याचा दोर खांद्यावर टाकून. बहिरू जीपला टेकून विडी ओढत होता, आणि त्याने हे सगळं नीट बघितलं. गोरक्षनेही बहिरू बघतोय हे बघितलं. त्याच क्षणी यादवची नजर जीपवर गेली, आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की गोरक्षला आपण हातात नोटीस घेऊन उभे आहोत असं वाटलं. विळा यादवच्या हातून पडला नाही, पण त्याने तो पाठीमागे लपवला. आपल्याच अंगणात.

दोघं घराच्या मागे खळ्यावर गेले. झोडपलेल्या भाताचा ढीग होता, त्याच्या कडेला बसले. बाजूला एक कोंबडी दाणे उकरत होती.

“आजारी नाही मी,” यादव म्हणाला. “लिहून घे.”

“मी काही लिहायला नाही आलो.”

“मग कशाला आलास?”

यादवच बोलत राहिला, बोटांनी लोंबी चुरगाळत. “पहाटे उठतो, दाढी करतो, कंपनीचे कपडे घालतो. बायको डबा देते. हायवेला जाऊन उभा राहतो. आपली बस लांबून दिसते ना, घाटाकडून येताना, तिचा तो हिरवा पट्टा. तो दिसला की पाय जातात माझे. म्हणजे असतात, पण चालत नाहीत. बस थांबते, दार उघडतं, ड्रायव्हर म्हणतो, ‘चला की साहेब.’ मी म्हणतो, विसरलो काहीतरी, तुम्ही व्हा पुढे. मग बस गेली की त्या मैलाच्या दगडामागे बसून ओकतो. तोंड धुतो, घरी येतो, कपडे बदलतो आणि विळा घेतो. मग दिवसभर काही नाही. कितीही काम दे. रात्री झोपही लागते.” त्याने गोरक्षकडे बघितलं. “डॉक्टरकडे गेलो, तर तो म्हणतो, आहेस की ठणठणीत. आई म्हणते, कुणाची नजर लागली. मला काय झालंय सांग ना तू. तू तर पर्सोनेलचा आहेस.”

तो चेष्टा करत नव्हता. गोरक्षला उत्तर ठाऊक होतं, अगदी आतून ठाऊक होतं. पानटपरीपाशी, नळाच्या आवाजात, रविवारच्या दुपारी तो ते रोज अनुभवत होता. फक्त त्याचे पाय अजून चालत होते. यादवच्या आणि आपल्या आजारात एवढाच फरक आहे, आणि तो फरक उद्याही राहील असं काही नाही, हे त्याला त्या खळ्यावर लख्ख दिसलं. जवळ सरकून यादवचा हात धरावा, असं वाटलं. तो उठला. “मला साहेबांना फोन करायचाय,” तो म्हणाला. “घोटीत जाऊन येतो.”

“काय सांगणार आहेस?”

“बघतो.”

अंगणातून जाताना सखुबाईने त्याला अडवलं. “असं उपाशी नाय जायचं. भात टाकलाय, नवा हाय, या सालचा. फोन करा आन जेवायला या.” तो हो म्हणाला.

घोटीच्या बाजारात एसटीडीचं बूथ होतं, काचेचं, आत उभं राहिलं की स्वतःच्याच श्वासाने काच धुरकट व्हायची. बहिरू बाहेर टपरीशी थांबला. नंबर फिरवताना गोरक्षने ठरवलं होतं, कावीळ. ताप म्हटला तर उतरतो. कावीळ महिनाभर चालते. पलीकडे साहेबांनी स्वतःच फोन उचलला.

“साहेब, कावीळ आहे. पडून आहेत.”

“डोळे बघितलेस?”

“हो साहेब. पिवळे आहेत.”

“औषध कुणाचं?”

“गावातलंच. झाडपाल्याचं.”

डोक्यावरच्या मीटरवर लाल आकडे पळत होते. मग साहेब म्हणाले, “बहिरूला दे.”

गोरक्षच्या कानशिलात ठण्‌ ठण्‌ वाजू लागलं. त्याने काचेवर टकटक केली. बहिरू आत आला. दोघं त्या खोक्यात मावत नव्हते, म्हणून बहिरूचं पोट त्याच्या कोपराला टेकलं होतं. रिसीव्हर कानाला लावून बहिरू ताठ उभा राहिला. “जी साहेब. जी.” त्याने गोरक्षकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर डास मारण्याच्या उदबत्तीची जाहिरात होती, तिच्याकडे बघत राहिला. “मी गाडीपाशी व्हतो साहेब. आत गेलोच नाय. मला काय दिसलं नाय.” आणि रिसीव्हर परत दिला.

“जेजुरकर,” मऊ आवाज आला, “गावठी औषधावर ठेवणं बरोबर नाही. आपलाच माणूस आहे. जीपमध्ये घाल आणि घेऊन ये. कंपनीच्या डॉक्टरला आजच दाखवू.”

आता यातून सुटका नव्हती. ‘हो साहेब’ हे दोन शब्द जिभेवर तयार होते. ते नेहमीच तयार असत, आयुष्यातली किती वर्षं ते असे तयार राहिले होते. ते बाहेर येतील म्हणून तो स्वतःच वाट बघत होता. ते आले नाहीत. भलतंच काहीतरी आलं, आणि ते आपल्या आवाजात आहे हे त्याला एका क्षणाने उशिरा कळलं. “साहेब, कावीळ नाही. तो घाबरलाय.”

“काय?”

“घाबरलाय साहेब. बस दिसली की त्याला ओकारी होते. मी खोटं बोललो. आणि साहेब, मी... मीपण घाबरतो.”

“कशाला?”

“तुम्हाला, साहेब.”

पलीकडे खरोखरच आश्चर्य वाटल्यासारखी शांतता झाली. गोरक्षने गेल्या काही वर्षांत साहेबांच्या शांतता ओळखायला शिकून घेतलं होतं. ही त्यातली नव्हती. “मी कधी कुणावर ओरडलोय?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“शिवी दिलीय कुणाला? पगार अडवलाय?”

“नाही.”

“मग?”

मग. गोरक्ष शोधायला लागला. ती ढाल? लाकडाचा एक तुकडा. टाळ्या? टाळ्यांना कुणी घाबरतं का? केबिनमधल्या खुर्च्या, चहाला न थांबणारी माणसं, ‘ते तुला कळत नाही, हेच’? एकेक गोष्ट उचलून बघावी तर हातात इतकी लहान होत होती की उच्चारायची लाज वाटावी. ही सगळी मिळून रोज छातीवर बसतात आणि सुटी सुटी धरली तर काहीच नसतात, हे कुणाला कसं सांगायचं, आणि तेही मीटर चालू असताना? “सांगता येत नाही, साहेब,” तो म्हणाला.

“बरं,” साहेब म्हणाले. “उद्या बोलू.” आणि फोन बंद झाला.

बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. आपण मोकळे होऊ, असं काहीतरी वाचलेलं-ऐकलेलं डोक्यात होतं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला हलकं वगैरे वाटत नव्हतं. ‘उद्या बोलू’ हे शब्द कानात पाणी गेल्यासारखे आत हलत होते. काय बोलतील? कुणासमोर? ऑफिसर होणं तर गेलंच. दिशाची शाळा, भावाकडून आणलेले घराचे पैसे, बापाचं ते एकच वाक्य, ‘आमचा गोरक्ष कंपनीत आहे.’ बहिरू निमूटपणे जीप चालवत होता. बूथची काच पातळ होती. त्याने सगळं ऐकलं असणार. यादवच्या घरापाशी गोरक्ष उतरला आणि म्हणाला, “तू जा. मी उद्या बसने येतो.”

बहिरूने इंजिन बंद केलं नाही. “मला परत इचारतील ते. गाडीत एकटा सापडलो का इचारतील. काय सांगू?”

“जे बघितलंस ते सांग.”

बहिरूने भिकबाळी चाचपली. कंपनीतला एवढा धिप्पाड माणूस, पण त्याचा चेहरा एकदम पोरासारखा दिसला. “आन म्या बी घाबरतो म्हनून सांगितलं तर चालंल का?” तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्याने जीप वळवली.

खळ्यावर यादव उभाच होता. गोरक्षने त्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. यादव ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल झाला. “कावीळच राहू द्यायची होती ना!” तो ओरडला. “घाबरलाय म्हणून सांगितलंस? माझ्या नावाने? कुणी विचारलं होतं तुला? उद्या अख्खी कंपनी हसेल. घोटीतली चार पोरं आहेत बसला, परवापर्यंत गावात कळेल, सावळीरामचा यादव भेदरून घरी बसलाय. तुझं काय गेलं सांगायला!”

“माझंही सांगितलं मी.”

“तुझं काय?”

“मीपण घाबरतो, असं.”

यादव त्याच्याकडे बघत राहिला. “तू?” तो म्हणाला. “टाळ्या तर सगळ्यात जोरात तुझ्या असायच्या. मी ढाल घेऊन चालायचो तेव्हा मान खाली असायची माझी, पण तुझी टाळी ओळखू यायची.”

“जोरात वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही,” गोरक्ष म्हणाला. एवढंच खरं होतं. यादव भाताच्या ढिगावर मटकन खाली बसला. त्याचा राग गेला नव्हता, पण राग धरून उभं राहायला लागतं ते बळ गेलं होतं.

मागच्या दारात सखुबाई उभी होती, हातात रिकामी परात. ती किती वेळ तिथे होती कुणास ठाऊक. ती पुढे आली. “म्हंजी तुम्ही बघायला नव्हते आले,” ती गोरक्षला म्हणाली, सावकाश, एकेक शब्द जुळवत. “तपासायला आले व्हते.”

गोरक्षला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आतापर्यंतच्या सगळ्या भीतींपेक्षा ही वेगळी होती. साहेबांसमोर मान खाली घालायची त्याला सवय होती, या बाईसमोर नव्हती. तो ‘हो’ म्हणाला.

म्हातारीने मुलाकडे बघितलं. त्याचे हात गुडघ्यांत गुंतले होते. “आन तू मला सांगितलं नाय रं,” ती त्याला म्हणाली. “म्या आपली मीठ-मोहऱ्या ओवाळीत बसले.” मग पुन्हा गोरक्षकडे वळली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सकाळसारखंच, पण आता त्यात पाहुणचार नव्हता. “आन तू बी त्याच्यावानीच का?”

“हो मावशी.”

“मंग चल. दोघं बी हात धुवा. भात गार होतोय.”

तो त्या रात्री तिथेच राहिला. घरी कळावं म्हणून मखमलाबादच्या किराणा दुकानात फोनवर निरोप ठेवायला सावळीराम स्वतः त्याच्याबरोबर फोनपर्यंत चालत आला. परत येताना बांधावर थांबून म्हणाला, “त्यो साहेब दिसायला कसा हाय?” गोरक्षने सांगायचा प्रयत्न केला. मध्यम उंची, चष्मा, पांढरा शर्ट. सावळीरामने ऐकून घेतलं आणि न पटल्यासारखी मान हलवली. एवढ्या वर्णनाच्या माणसाला आपला पोरगा घाबरतो, हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं.

सकाळी सुवर्णाने कंपनीत परत द्यायला एक पिशवी आणून दिली. आत कंपनीच्या कपड्यांचे दोन जोड होते, धुतलेले, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेले, आणि वर यादवचं ओळखपत्र. यादव आज बंडीतच हायवेपर्यंत आला. धुकं होतं. दूध घेऊन जाणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालली होती. “राजीनामा पोस्टाने पाठवतो,” तो म्हणाला. “पुढे काय ते ठरवलं नाही. घोटीच्या गिरणीत विचारतो. बायको म्हणते, आधी नीट जेव.” मग म्हणाला, “तूही नको जाऊ.”

“जावं लागेल.”

“काय बोलणार?”

“माहीत नाही.”

घाटाकडून हिरवा पट्टा दिसला. यादवचा श्वास बदलला. त्याने मैलाच्या दगडावर हात टेकला, पण तो खाली बसला नाही. गोरक्षच्याही पोटात कालवलं, नेहमीसारखंच, नेहमीच्याच जागी. काहीही बरं झालेलं नव्हतं. बस थांबली. दार उघडलं. त्याने पिशवी छातीशी धरली आणि पाय उचलला. पाय उचलला गेला, याचं त्याला आश्चर्य वाटलं. आतल्या घोटीच्या पोरांनी त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीतून यादवकडे, मग एकमेकांकडे.

“कोकणे साहेब नाय का येत?” ड्रायव्हरने विचारलं.

“नाही,” गोरक्ष म्हणाला. “आता येणार नाहीत.”

“अजून बरं नाय का?”

गोरक्षने काचेतून बघितलं. यादव बसकडे पाठ करून बांधावरून निघाला होता, भराभरा, जवळजवळ पळतच, आणि त्याच्या पायांखाली दहिवराचा ओला पट्टा उमटत होता.

“बरे आहेत,” तो म्हणाला. पोरांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाला. मग पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, सगळ्यांना दिसेल असा बसला. थरथरणारे दोन्ही हात त्याने पिशवीखाली लपवले नाहीत.